किरकोळ कटकटींचा न दिसणारा ताण

'टेन्शन' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, दहावीच्या परीक्षेपासून गॅस सिलिंडर संपण्यापर्यंत कशालाही तो चालतो. तो येण्यापूर्वीही मराठी माणसाचे अडत नव्हते. डोक्याला ताप होत असे, जीव मेटाकुटीस येत असे, नाकी नऊ येत आणि सगळेच एकदम अंगावर आले की 'काही सुचेनासे' होई. या शेवटच्या अवस्थेकडे शास्त्राचे लक्ष तसे उशिरा गेले. मृत्यू, आजारपण, नोकरी जाणे अशा मोठ्या आघातांचा अभ्यास आधी झाला. दूध नासले, लोकल चुकली, मुलाची वही सापडेना, बँकेचा ओटीपी आलाच नाही, अशा गोष्टींनी दिवसअखेर धडधाकट माणूस का मोडून पडतो, हा प्रश्न बराच काळ कोणाला विचारण्याजोगा वाटला नाही. शहरात राहणाऱ्या बहुसंख्यांच्या वाट्याला रोज येतो तो मात्र हाच ताण.

उंदरांपासून सुरुवात

ताणाच्या शास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ सर्वसाधारणपणे हान्स सेल्ये यांच्यापासून मानला जातो. व्हिएन्नात जन्मलेले सेल्ये कॅनडातील माँट्रियल येथे संप्रेरकांवर संशोधन करीत होते. उंदरांना निरनिराळे अर्क टोचताना त्यांच्या लक्षात आले की, अर्क कोणताही असो, परिणाम तेच दिसतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी वाढतात, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसतात आणि जठरात व्रण पडतात. थंडीत ठेवलेल्या किंवा दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांतही तेच दिसले. १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकातील एका छोट्या पत्रातून त्यांनी हे निरीक्षण मांडले. शरीराच्या प्रतिसादाच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आधी शरीर सावध होते, मग तग धरते आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून हार मानते. यातली दुसरी पायरी फसवी आहे. तग धरून असलेला माणूस बाहेरून व्यवस्थित दिसतो. कामावर जातो, सणवार करतो, हसतो-बोलतो. आत खर्च चालू आहे हे त्याच्या घरच्यांनाच काय, त्यालाही कळत नाही.

उंदरांच्या जठरातील व्रणांमुळे 'अल्सर होतो तो टेन्शनमुळे' ही समजूत पुढे जगभर पसरली. ती अर्धवट होती. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८० च्या दशकात बहुतेक अल्सरमागे एक जंतू असल्याचे दाखवले आणि २००५ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक दुखण्याचे खापर ताणावर फोडणे सोयीचे असले तरी त्यात खरा आजार झाकला जाण्याची भीती असते, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवावे.

डोंगरापेक्षा वाटेतले खडे

१९६७ साली अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या संशोधकांनी आयुष्यातील ४३ घटनांची एक गुणपत्रिका तयार केली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, घटस्फोटाला ७३ गुण आणि लग्नाला ५० गुण. आनंदाच्या प्रसंगातही शरीराला जुळवून घ्यावे लागते, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते. लग्नघरातील वधुपित्याकडे पाहिलेल्या कोणालाही हे निराळे सांगायला नको. वर्षभरात जितके गुण जास्त, तितकी आजारपणाची शक्यता जास्त, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब पुष्कळांच्या बाबतीत जुळत नसे. ज्यांच्या घरी वर्षभरात काहीच 'घडले' नाही, अशी माणसेही खंगलेली दिसत. कॅलिफोर्नियात रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेण्यासाठी ११७ किरकोळ कटकटींची यादी केली आणि मध्यमवयीन स्त्री-पुरुषांकडून ती दर महिन्याला भरून घेतली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून अधिक चांगला बांधता येत होता. त्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर काय होते? स्वतःचे वजन, घरातल्या कोणाची तरी प्रकृती, वाढती महागाई, घराची दुरुस्ती, हातात एकाच वेळी फार कामे असणे आणि वस्तू न सापडणे. ही यादी डोंबिवली किंवा कोथरूडमधल्या घरातून आली असती तरी फारसा फरक पडला नसता. आधीच त्रासलेला माणूस कटकटींची नोंद जास्त करणारच, असा आक्षेप नंतर काही अभ्यासकांनी घेतला आणि तो रास्त होता. तरीही रोजच्या गोष्टी मोजण्याजोग्या आहेत, एवढे या कामामुळे पक्के झाले.

मोठ्या संकटात माणसाला सोबत मिळते. घरात कोणी गेले तर शेजारी पिठले-भात आणून देतात, कार्यालय रजा देते. लागोपाठ तीन आठवडे पाण्याचा टँकर वेळेवर न येणे, त्यातच सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या तपासण्या आणि वर्षअखेरीचे काम, यासाठी कोणी भेटायला येत नाही. कोणाला सांगावे तर 'एवढंच ना?' हे उत्तर ठरलेले. ते दोन शब्द ऐकून माणूस स्वतःचा त्रास स्वतःच खोटा ठरवू लागतो.

काही सुचेनासे होते तेव्हा

समोर धोका दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते, हे वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली मांडले. अॅड्रिनॅलिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावते, पचन मंदावते. थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक साखरेचा पुरवठा चालू ठेवते. ही सारी व्यवस्था काही मिनिटांच्या झटापटीसाठी आहे. रात्री अकरा वाजता मोबाइलवर आलेल्या साहेबांच्या निरोपाशी लढताही येत नाही आणि त्यापासून पळताही येत नाही. तयारी पूर्ण होते, झटापट होत नाही आणि शरीर त्या अवस्थेत अंथरुणावर पडून राहते. कॉर्टिसॉल निरोगी माणसात पहाटेनंतर सर्वाधिक असते आणि रात्री उतरते. सततच्या ताणात हा चढउतार बिघडू लागतो. म्हणून दिवसभर पेंगुळलेला माणूस रात्री टक्क जागा राहतो.

'काही सुचेनासे होणे' हा वाक्प्रचार तर शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही नेमका आहे. क्रम लावणे, एक गोष्ट मनात धरून दुसरी करणे, तोंडावर आलेला शब्द आवरणे ही कामे मेंदूचा कपाळामागचा भाग करतो. येल विद्यापीठातील एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनातून दिसले आहे की, नियंत्रणाबाहेरच्या ताणात स्रवणारी रसायने याच भागाचे काम मंदावतात आणि सवयीने, भीतीने चालणारे भाग पुढे येतात. अशा वेळी किल्ली हातात असून घरभर शोधली जाते, सोपा हिशेब चुकतो, मुलावर नको तेवढा आवाज चढतो. पाहणाऱ्याला हा आळस किंवा तिरसटपणा वाटतो. 'जरा शांतपणे विचार कर' हा सल्ला नेमक्या त्याच घटकेला दिला जातो, जेव्हा विचार करणारे यंत्र मंदावलेले असते. त्या घटकेला आधी शरीर शांत करावे लागते, विचार मागाहून.

न दाबलेले बटण

ताण किती आहे यापेक्षा तो आपल्या हाती किती आहे याला फार महत्त्व असते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना मोठा, अनियमित गोंगाट ऐकवला. त्यांपैकी काहींच्या हाताशी एक बटण ठेवले. गोंगाट असह्य झाला तर ते दाबून बंद करता येईल, पण शक्यतो दाबू नये, असे सांगितले. त्यांनी ते दाबले नाही. गोंगाट दोन्ही गटांनी सारखाच ऐकला. नंतर शांत खोलीत अवघड कोडी आणि मुद्रितशोधनाचे काम दिल्यावर बटण नसलेल्यांनी लवकर हार मानली आणि जास्त चुका केल्या. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गोंगाट चालू असताना लोक काम नीटच करीत होते. किंमत मोजावी लागली ती तो थांबल्यावर. कार्यालयात शांत असणारा माणूस घरी येऊन चहा गार झाला म्हणून का भडकतो, याचे थोडे उत्तर इथे मिळते.

फलाटावर गाडी पंधरा मिनिटे उशिरा येणार असल्याची घोषणा झाली की गर्दी कुरकुरते आणि स्थिरावते. काहीच न कळता दहा मिनिटे उभे राहणे त्याहून जाचक असते. अनिश्चितता ही स्वतःच एक कटकट आहे.

ब्रिटनमधील सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. १९६७ साली सुरू झालेल्या या अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष होते. 'ताण असतो तो साहेबाला' ही समजूत सार्वत्रिक होती, आजही आहे. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना आढळले ते उलट. सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई, दरवान यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही मोठा फरक शिल्लक राहत होता. १९८५ पासून स्त्रियांनाही सामावून घेणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात, स्वतःच्या कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. साहेब दमतो, पण बैठक पुढे ढकलू शकतो. शिपायाला ती मुभा नसते.

घरातला न लिहिलेला पत्रक

घराच्या बाबतीत हीच मुभा कोणाला आहे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनमोबदल्याच्या त्या कामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. हाताने केलेल्या कामाची मोजणी यात झाली. लक्षात ठेवण्याच्या कामाची झाली नाही. लाइटबिलाची शेवटची तारीख, कामवाल्या बाईंची सुट्टी, मुलाच्या शाळेत उद्या न्यायचा पांढरा कागद, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्याची जाणीव, हा सगळा पत्रक एकीच्याच डोक्यात असतो. 'मला सांगत जा, मी करीन' असे नवरा प्रामाणिकपणे म्हणतो, तेव्हा काम वाटले जाते पण पत्रक तिच्याकडेच राहतो.

अशा ठिकाणी श्वसनाचे वर्ग आणि सकारात्मक विचारांची पुस्तके अपुरी पडतात. चार माणसांचे काम दोघांवर टाकणाऱ्या कंपनीने वर्षातून एकदा 'ताणव्यवस्थापन' शिबिर भरवणे हा याचाच कार्यालयीन नमुना. त्रासाचे कारण कामाच्या वाटणीत असेल तर उपायही वाटणीतच शोधावा लागतो. घरात तो असा करता येतो : एकेक काम वाटण्याऐवजी एकेक खाते संपूर्ण द्यावे. औषधांचे खाते ज्याच्याकडे, त्याने डॉक्टरांची वेळ घेण्यापासून गोळ्या आणण्यापर्यंत सारे पाहायचे, विसरला तर निस्तरायचे आणि इतरांनी आठवण करायची नाही. पहिले काही आठवडे गोंधळ होतो. तो सोसणे हाच त्यातला अवघड भाग आहे आणि बहुतेक घरांत प्रयोग इथेच बारगळतो.

उपयोगी पडणारे उपाय

अपुरी राहिलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मनात जास्त रेंगाळतात, असे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली दाखवले होते. त्यावर एक अगदी साधा उपाय २०१८ साली अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या एका प्रयोगातून समोर आला. झोपण्यापूर्वी ५ मिनिटे काहींना दिवसभरात केलेली कामे लिहायला सांगितली, तर काहींना पुढच्या दिवसांत करायची. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटे लवकर झोप लागली आणि यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. प्रयोगात ५७ तरुण होते, म्हणजे संख्या मोठी नाही. पण उपाय बिनखर्चाचा आहे. यादी कागदावर करावी. मोबाइलवर करायला गेले की आणखी चार निरोप दिसतात. 'घर आवरणे' असे लिहू नये, 'माळ्यावरची रद्दी शनिवारी देणे' असे लिहावे.

एकदम सगळे अंगावर आल्याची भावना होते त्या क्षणी मात्र यादीही करवत नाही. तेव्हा श्वासाकडे वळावे. घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब ठेवला की हृदयाची गती किंचित मंदावते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ च्या एका अभ्यासात रोज ५ मिनिटे लांब उच्छ्वास करणाऱ्यांची मनःस्थिती महिनाभरात, तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचे प्रयोगशाळेत मोजमाप सुरू केले, तेव्हा पाश्चात्त्य जगात शिथिलीकरणाचा अभ्यास नुकताच उमलत होता. एडमंड जेकबसन यांचे, एकेक स्नायू ताणून सैल सोडण्याच्या पद्धतीवरचे पुस्तक १९२९ चे आहे. शवासन ज्यांना केवळ पडून राहणे वाटते, त्यांना जेकबसन यांची पद्धत सोपी जाते, कारण तीत आधी मूठ आवळायची असते; सैल म्हणजे काय, हे त्यानंतर हाताला आपोआप कळते.

चालणे हा उपाय इतका ऐकून झाला आहे की कोणी तो गांभीर्याने घेत नाही. लढण्या-पळण्यासाठी तयार झालेले शरीर पायांना काम दिल्यावर निवते, एवढे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. घरी पोहोचण्यापूर्वी एक थांबा आधी उतरून पंधरा मिनिटे चालणाऱ्याला दुहेरी लाभ होतो. कार्यालय आणि घर यांमध्ये एक उंबरठा तयार होतो.

विचारांच्या बाजूने अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांना परिचित आहे. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. या पद्धतीत इच्छा आणि हट्ट यांत भेद केला जातो. 'पाहुणे येण्याआधी घर आवरलेले असावे' ही इच्छा झाली; 'असलेच पाहिजे, नाहीतर माझी अब्रू गेली' हा हट्ट. पहिल्यात निराशा होते, दुसऱ्यात जीव जातो. दिवाळीच्या आठवड्यात स्वतःच्या वाक्यांतले 'च' मोजून पाहावेत. मात्र पगारच वेळेवर होत नसेल तर त्याला विचारांचा दोष म्हणू नये.

काही रूढ उपाय मात्र उलटतात. राग बाहेर काढला की मन मोकळे होते, असे मानले जाते. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात ज्याच्यावर राग त्याचा विचार करीत ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढलाच. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. संध्याकाळनंतरच्या चहा-कॉफीतील कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मे अंगात असते. मोबाइल चाळणे ही विश्रांती वाटते, पण त्यात पुढच्या क्षणी लग्नाचे फोटो दिसतील की अपघाताची बातमी, हे हाती नसते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

छातीत दुखणे, दम लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे हे 'टेन्शनमुळे असेल' असे घरी ठरवू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. सततचा थकवा, वजनातील बदल, धडधड यांमागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा मधुमेहही असू शकतो. त्यासाठी नेहमीच्या डॉक्टरांकडून साध्या तपासण्या आधी करून घ्याव्यात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच उदास वाटणे, आवडीच्या गोष्टीतही रस न उरणे, झोप-भूक बिघडणे, कामावर किंवा घरी नित्याचे व्यवहारही न जमणे, अशी लक्षणे असतील तर तो रोजच्या ताणापलीकडचा विषय आहे आणि त्याला परिणामकारक उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ औषधे देऊ शकतात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. पुष्कळदा दोन्ही लागतात. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच पायावर विमासंरक्षण द्यावे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात म्हटले आहे. तेव्हा आपल्या पॉलिसीतील तरतूद विचारून घ्यावी. जगणे नकोसे वाटत असेल किंवा घरातील कोणी तसे बोलून दाखवत असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक असून ती मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येते. स्वतःसाठी करता येतो तसाच घरातल्या दुसऱ्या कोणाची काळजी वाटते म्हणूनही तिथे दूरध्वनी करता येतो.